अनुभव धागा: सुट्टीत वाचायला घोड्यांच्या शर्यतीची कादंबरी कशी निवडता?

सुट्टीतलं पुस्तक हलकं असावं, पोकळ नसावं. रेसकोर्सभोवती घडणाऱ्या रहस्यकथा यासाठी फार चांगल्या, असं माझं ठाम मत आहे. पैज कशी लावतात हे माहीत नसलं तरी काही अडत नाही. या प्रकारात डिक फ्रान्सिस या ब्रिटिश लेखकाला टाळून पुढे जाताच येत नाही. १९५३-५४ च्या हंगामात तो अडथळ्यांच्या शर्यतींतला इंग्लंडचा चॅम्पियन जॉकी होता. १९५६ च्या ग्रँड नॅशनल या तिथल्या मोठ्या शर्यतीत राणीमातेच्या डेव्हन लॉक या घोड्यावर तो जवळजवळ जिंकलाच होता, पण विजयरेषा पन्नासेक यार्डांवर असताना घोडा अचानक पोटावर बसला. का, ते आजवर ठरलेलं नाही. पुढच्या वर्षी त्याने शर्यती सोडल्या आणि १९६२ मध्ये ‘डेड सर्ट’ ही पहिली कादंबरी आली. नंतर चाळीसच्या वर झाल्या, म्हणूनच नेमकी कुठली उचलावी हा प्रश्न पडतो. सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) आणा, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणा, पण कशी निवडलीत ते सविस्तर लिहा.

कॉलेज रोड
मी नायकाचा धंदा बघते. फ्रान्सिसचा नायक दर वेळी जॉकी नसतो; कधी वैमानिक, कधी फोटोग्राफर. माझी नोकरी बँकेतली, म्हणून ‘बँकर’ (१९८२) घेतली. वळू घोडा विकत घ्यायला बँक कर्ज देते, एवढ्यावर सगळी गोष्ट उभी आहे. घोड्याचा विमा, वर्षाला किती घोड्या लावणार, त्यातून हप्ते फिटतील का, हे वाचताना मी चक्क पेन्सिल घेऊन बसले होते. आपल्या ओळखीच्या कामापासून सुरुवात करा, शर्यत आपोआप समजत जाते.

दिंडोरी
वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी द्राक्षं आणि वाइनच्या धंद्यात आहे, त्यामुळे ‘प्रूफ’ (१९८४) हातातून सुटेना. नायक वाइनविक्रेता. बाटलीवरचं लेबल एक आणि आत भलतंच, हे तो जिभेवर ओळखतो. चव घेण्याचं वर्णन अगदी खरं उतरलंय. इथल्या तळघरांत काम करणाऱ्या पोरांनी जरूर वाचावं. मात्र घोडे यात कमी आहेत. धावती शर्यतच हवी असेल तर ही नेऊ नका.

इंदिरानगर
नव्या वाचकांना एक सांगते. महालक्ष्मीला किंवा पुण्याला आपण बघतो ती सपाट मैदानावरची शर्यत. फ्रान्सिस स्वतः धावला तो अडथळ्यांच्या शर्यतींत, आणि त्याची बरीच पुस्तकं त्याच जगातली आहेत. ग्रँड नॅशनल चार मैलांहून लांब, तीस उड्या. तिथे पडणं हा रोजच्या कामाचा भाग, हाडं मोडणं नित्याचं. हे आधी कळलं की ‘मोडक्या बरगडीने हा माणूस घोड्यावर बसतोच कसा’ असं वाटत नाही.

सिडको
लहान मुलांच्या हाती देऊ नका. नायकाला मार बसतो तो वाचवत नाही.

देवळाली कॅम्प
प्रत्येक पुस्तक स्वतंत्र, कुठूनही सुरू करा, असं सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबर आहे. सिड हॅलीची मात्र क्रमाने वाचावीत: आधी ‘ऑड्स अगेन्स्ट’ (१९६५), मग ‘व्हिप हँड’ (१९७९). हा माजी जॉकी, शर्यतीतल्या अपघाताने डावा हात निकामी झालेला. माझ्या पलटणीत हात गमावलेला एक जवान होता. लोकांनी हाताकडे बघू नये म्हणून तो खिशात हात घालून उभा राहायचा. सिड नेमकं तेच करतो. ‘व्हिप हँड’मध्ये उरलेला हातही जाईल ही जी भीती लिहिली आहे, तितकी प्रामाणिक भीती मी युद्धकथांतही क्वचित वाचली. गोल्ड डॅगर आणि एडगर हे रहस्यकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाले, ते योग्यच झालं. हलकं वाचन म्हणून उचला, पण जपून वाचा.

पंचवटी
आमच्याकडे वरातीच्या घोड्या असतात; दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वडिलांचा हात धरून फिरलोय. माझी परीक्षा सोपी आहे. शर्यतीचं पान बघत नाही, घोडा तबेल्यात नुसता उभा आहे ते पान काढतो. कान कुठे वळलेत, मोतद्दार कुठल्या बाजूने जवळ जातो, पाय उचलायला कसा लावतो, हे लेखकाला माहीत असेल तर पुस्तक घरी आणायचं. फ्रान्सिस यात दर वेळी पास. घोड्याला नुसतं ‘वाऱ्यासारखं’ पळवणारे लेखक मी परत ठेवतो.

नाशिक रोड
पंचवटी एक्सप्रेसने रोज जाऊन-येऊन करणाऱ्यांसाठी ही पुस्तकं उत्तम. नायक स्वतःच गोष्ट सांगतो, वाक्यं छोटी, इंग्रजी अडत नाही. त्याच्या पत्नीबद्दल, मेरीबद्दल, इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. पुस्तकांमागच्या शोधाचं मोठं काम तिचं. वैमानिकाच्या गोष्टीसाठी ती स्वतः विमान चालवायला शिकली. ‘रिफ्लेक्स’ (१९८०) मध्ये जॉकीच फोटोग्राफर आहे, आणि डार्करूममधल्या रसायनांवर सगळं रहस्य उलगडतं. शर्यत भरपूर, धंद्याची माहितीही भरपूर. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मी हीच देते, आणि सिडकोच्या दादा, यातही मार आहे, पण वाचवतो.