एकाच ईव्ही मॉडेलचे ३६ व्हेरिअंट : एरर न देता चुकणारं मॉडेल कसं पकडायचं?

गिअर_दोन
सिम्युलिंकमध्ये (ब्लॉक जोडून सिम्युलेशन करायचं सॉफ्टवेअर) इलेक्ट्रिक गाडीचं मॉडेल आहे. मोटरचे ३ प्रकार, बॅटरी पॅकचे ३, कूलिंग २ (हवा किंवा लिक्विड), गिअरबॉक्स २. फाइलींच्या कॉप्या काढणं बंद करून सगळं व्हेरिअंट सबसिस्टिममध्ये (एका ब्लॉकमध्ये अनेक पर्याय म्हणजे 'चॉइस', त्यातला एक चालू) आणलंय. दोन गोष्टी अडल्यात.

१) दुसरा गिअरबॉक्स निवडला की पोर्टच्या (ब्लॉकच्या जोडणीच्या टोकाच्या) डायमेन्शनची, म्हणजे सिग्नलच्या आकारमानाची, एरर येते. पहिला निवडलेला असताना मॉडेल विनातक्रार अपडेट (न चालवता नुसतं कंपाइल) होतं.

२) लिक्विड कूलिंग निवडलं की त्याच ड्राइव्ह सायकलवर (वेळेनुसार ठरवून दिलेल्या वेगावर) रेंज सुमारे ४ टक्के जास्त येते. एरर नाही, वॉर्निंग नाही. लिक्विड सर्किट सिमस्केपमध्ये (सिम्युलिंकचं भौतिक घटकांचं टूल) आहे, हवेचं साध्या ब्लॉक्सनी बनवलंय. बॅटरीचा रेझिस्टन्स तापमानानुसार लुकअप टेबलमधून (आकड्यांच्या तक्त्यातून) येतो.

रोज ३६ पूर्ण रन परवडत नाहीत. काय तपासू?

सॉल्व्हर_साहेब
पहिल्याचं उत्तर सोपं. व्हेरिअंट अ‍ॅक्टिव्हेशन टाइम 'अपडेट डायग्राम' असेल तर फक्त चालू चॉइस कंपाइल होतो, बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहिलं जात नाही. 'अपडेट डायग्राम अ‍ॅनलाइझ ऑल चॉइसेस' लावलं की सगळे चॉइस तपासले जातात. मग पोर्टची डायमेन्शन, डेटाटाइप सगळ्यांत जुळावे लागतात, आणि ते जुळायलाच हवेत.

कंडिशन 'मोटर == २' अशा लिहिल्या असतील तर आकड्यांऐवजी एन्यूमरेशन (नावं दिलेले पर्याय) वापरा. सहा महिन्यांनी २ म्हणजे कोणती मोटर हे कोणालाच सांगता येत नाही. दोन कंडिशन एकदम खऱ्या झाल्या तर सिम्युलिंक एरर देतं, ते बरंच आहे. एकही खरी नसेल तरीही देतं, पण 'अलाउ झिरो अ‍ॅक्टिव्ह व्हेरिअंट कंट्रोल्स'वर टिक असेल तर तो ब्लॉक गुपचूप बंद पडतो. मुद्दाम लावली नसेल तर ती टिक काढा.

केल्विन_की_सेल्सिअस
दुसऱ्या अडचणीत मला तापमानावर संशय आहे. पीएस-सिम्युलिंक कन्व्हर्टर (सिमस्केपचा सिग्नल सिम्युलिंकला देणारा ब्लॉक) उघडा. आउटपुटचं युनिट डिग्री सेल्सिअस दिसेल, पण 'अप्लाय अफाइन कन्व्हर्जन'वर (शून्यबिंदूतला फरकही धरणारं रूपांतर) टिक आहे का? नसेल तर कन्व्हर्टर तापमानाचा फरक समजून नुसता गुणाकार करतो. फरकाच्या हिशेबात १ केल्विन म्हणजे १ अंश सेल्सिअसच, त्यामुळे २९८ केल्विनचा आकडा २९८ 'सेल्सिअस' म्हणून पुढे जातो. पोर्टवर युनिट लिहिलेलं असलं तरी आकडा खोटा आहे हे युनिट चेकला कळत नाही.

पुढची गंमत लुकअप टेबलमध्ये. टेबल समजा उणे २० ते ६० अंशांचं आहे आणि एक्स्ट्रापोलेशन 'क्लिप' आहे (टेबलाबाहेर गेलं की टोकाचीच किंमत). २९८ आलं की ते ६० अंशांचा रेझिस्टन्स धरून बसतं, म्हणजे टेबलातला बहुधा सगळ्यात कमी. तोटा कमी, रेंज जास्त. टेबलाच्या 'डायग्नोस्टिक फॉर आउट-ऑफ-रेंज इनपुट'चा डीफॉल्ट 'नन' आहे, म्हणून वॉर्निंगही नाही. सगळ्या टेबलांवर ते 'एरर' करा.

गिअर_दोन
टिक नव्हती. टेबलाच्या इनपुटवर स्कोप (सिग्नल दाखवणारा ब्लॉक) लावला तर ३०१ दिसतंय. टिक केल्यावर रेंजमधला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आलाय. आता अशा चुका पुढच्या वेळी आपोआप कशा पकडायच्या? एनर्जी बॅलन्स (ऊर्जेचा जमाखर्च) पुरेल का?

सॉल्व्हर_साहेब
बॅलन्स लावाच, पण या चुकीला तो उपयोगी पडला नसता. रेझिस्टन्स चुकीचा असला तरी त्या रेझिस्टन्सचा हिशेब बरोबरच जुळतो. बॅलन्स पकडतो तो विसरलेला तोटा, दोनदा मोजलेला ब्रेक, उलट चिन्ह. बॅटरीतून निघालेली ऊर्जा वजा रस्ता, चढ आणि हवेच्या विरोधावर खर्चलेलं काम, सगळे तोटे आणि गतिज ऊर्जेतली वाढ, हा शेष एकूण ऊर्जेच्या ०.१ टक्क्याच्या आत हवा असं मी धरतो. नसेल तर सॉल्व्हरचा (समीकरणं सोडवणाऱ्या भागाचा) रिलेटिव्ह टॉलरन्स, म्हणजे चालणारी सापेक्ष चूक, डीफॉल्ट १ई-३ वरून १ई-५ करून पुन्हा चालवा. शेष घटला तर दोष सॉल्व्हरचा, जागचा हलला नाही तर समीकरणात शोधा.

तापमानासारख्या गोष्टींना व्हेरिअंटच्या सीमेवरच पहारा लागतो. प्रत्येक चॉइसच्या आउटपुटला मर्यादेची अट आणि अ‍ॅसर्शन ब्लॉक (अट मोडली की ओरडणारा), उदाहरणार्थ उणे ४० ते १२० अंश. 'इन्फ ऑर नॅन ब्लॉक आउटपुट' (अनंत किंवा आकडाच नसलेलं आउटपुट) हे डायग्नोस्टिकही 'एरर' करा.

केल्विन_की_सेल्सिअस
'अ‍ॅनलाइझ ऑल चॉइसेस'वर एकट्यावर विसंबू नका. ते त्या वेळच्या पॅरामीटर्सवरच चालतं. प्रत्येक पॅकची व्हॅल्यू वेगळी असेल तर स्क्रिप्टने ३६ही कॉन्फिगरेशन लावून फक्त अपडेट करा. सिम्युलेशन नसल्यामुळे हे रोज रात्री परवडतं. पॅरामीटर डेटा डिक्शनरीत (मॉडेलच्या व्हॅल्यूंच्या वेगळ्या फाइलीत) ठेवा आणि डिक्शनरीत बेस वर्कस्पेसचा (मॅटलॅबच्या सामायिक व्हेरिएबल्सचा) अ‍ॅक्सेस बंद करा, नाहीतर आधीच्या पॅकचं राहून गेलेलं व्हेरिएबल पुढच्या रनमध्ये बिनबोभाट वापरलं जातं.

पूर्ण रनसाठी पेअरवाइज घ्या. ३ × ३ × २ × २ मधली प्रत्येक जोडी एकदा तरी यायला ९ रन पुरतात. मात्र एखादा पॅक हवेच्या कूलिंगबरोबर चालतच नसेल तर ती अट आधीच जोड्यांची यादी काढणाऱ्या जनरेटरला द्या. नंतर ओळी खोडल्या की त्यांच्यातल्या दुसऱ्या जोड्याही गळतात आणि त्या गळल्याचं कुठे दिसत नाही.

बेसलाइनशी (आधीच्या खात्रीच्या रनशी) तुलना करताना अ‍ॅब्सोल्यूट आणि रिलेटिव्ह दोन्ही टॉलरन्स द्या. वेग शून्याजवळ असताना नुसता रिलेटिव्ह खोट्या तक्रारी करतो. गिअर बदलाची वेळ थोडी सरकली तरी टॉर्कमध्ये मोठा खड्डा दिसतो, त्यासाठी सिम्युलेशन डेटा इन्स्पेक्टरमध्ये (रनची तुलना करणारं टूल) टाइम टॉलरन्स वेगळा आहे. तो एका सिम्युलेशन स्टेपपेक्षा थोडा जास्त ठेवून सुरुवात करा.