सर्पेंटिनाइटमध्ये धातुरूप निकेल कसे तयार होते?

प्रश्न – भूशास्त्राचा विद्यार्थी, कर्वेनगर, पुणे

नमस्कार. पुण्याभोवती जिकडे पाहावे तिकडे बेसाल्टच असल्यामुळे अल्ट्रामॅफिक (मॅग्नेशियम व लोह भरपूर, सिलिका कमी असलेले) खडक आम्हाला अभ्याससहलीतच हाताळायला मिळतात. कणकवलीजवळून आणलेल्या सर्पेंटिनाइटचा (पाण्याने बदललेल्या अशाच खडकाचा) पॉलिश केलेला काप परावर्तित प्रकाशात पाहताना करड्या मॅग्नेटाइटला (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडला) चिकटलेले लख्ख पांढरे, सूक्ष्म कण दिसले. हे अवारुआइट, म्हणजे निकेल व लोहाचे नैसर्गिक संमिश्र, असू शकेल असे मार्गदर्शकांचे मत आहे. पण पाण्याने लोखंड गंजते; मग पाण्यानेच बदललेल्या खडकात धातू शुद्ध रूपात कसा राहतो?

उत्तर १

रोजच्या गंजण्यात पाण्याबरोबर हवेतला ऑक्सिजनही असतो. खोलवरच्या खडकात तो जवळजवळ नसतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो. ऑलिव्हीन या मॅग्नेशियम-लोहाच्या सिलिकेटचे पाण्यामुळे सर्पेंटाइन हे जलयुक्त खनिज होत असताना त्यातील फेरस लोहाचा काही भाग पाण्यातूनच ऑक्सिजन घेतो, त्याचे मॅग्नेटाइट बनते आणि हायड्रोजन मोकळा होतो. त्यामुळे भेगांतील द्रव इतका क्षपणकारी (ऑक्सिजन काढून घेणारा) होतो की, लोहापेक्षा सहज क्षपण होणारे निकेल धातुरूपात स्थिर राहू शकते. पेरिडोटाइटमध्ये, म्हणजे सर्पेंटिनाइटच्या मूळ खडकात, निकेल सुमारे ०.२ टक्के असते व त्यातील बहुतेक ऑलिव्हीनमध्ये दडलेले असते. ऑलिव्हीन मोडले की त्यातले काही सर्पेंटाइनमध्ये जाते, तर काही लोहाबरोबर अवारुआइट बनवते. आधीपासून असलेल्या पेंटलँडाइट या निकेल-लोहाच्या सल्फाइडमधील गंधक निघून जाऊनही अवारुआइट व मॅग्नेटाइट शेजारीशेजारी तयार होतात, म्हणून आपण पाहिलेली जवळीक मला फार बोलकी वाटते. या खनिजाला न्यूझीलंडमधील अवारुआ उपसागराचे नाव १८८५ मध्ये मिळाले. गंधक थोडे अधिक असेल तर हीझलवूडाइट हे निकेलचे सल्फाइड बनते. तेही प्रथम टास्मानियातील सर्पेंटिनाइटमध्येच ओळखले गेले.

उत्तर २

वरील स्पष्टीकरण पटते, परंतु ओळख पक्की करण्याची घाई करू नये. लोहचुंबकाचा येथे उपयोग नाही, कारण मॅग्नेटाइटही तितकेच चिकटते. खडकाच्या भुकटीवर डायमिथिलग्लायऑक्झाइम या निकेल ओळखणाऱ्या रसायनाची गुलाबी-लाल छटा आली तरी ते निकेल सर्पेंटाइनमधलेही असू शकते. काप छेदित ध्रुवकांखाली (एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या, प्रकाशाचे ध्रुवण करणाऱ्या गाळण्यांखाली) फिरवून पाहावा: अवारुआइट व पेंटलँडाइट समदिक् (प्रकाशाच्या दृष्टीने सर्व दिशांनी सारखे) असल्याने काळोखेच राहतात, हीझलवूडाइट मात्र उजळते-मावळते. पेंटलँडाइटची छटा फिकट पिवळसर असते व त्यात पाटनाच्या (ठरावीक प्रतलांवर फुटण्याच्या) रेषा दिसतात. अखेरचा निर्णय इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (सूक्ष्म कणांतील मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) गंधक आहे की नाही हे पाहूनच द्यावा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मग खडकाचा हिरवा रंग निकेलमुळे आहे असे समजावे का? ओडिशातील सुकिंद्याचे निकेलही याच क्रियेतून आले का?

उत्तर १

नाही. सर्पेंटाइनचा नेहमीचा हिरवा रंग मुख्यतः लोहामुळे असतो. सुकिंद्याला मूळ खडक अल्ट्रामॅफिक असला तरी तेथील निकेल नंतरच्या झिजेने जांभ्यात, प्रामुख्याने गोएथाइट या लोह-खनिजामध्ये, साठले आहे. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरचे सफरचंदी हिरवे गार्निएराइट हे निकेलचे धातुकही झिजेतूनच आलेले आहे, फक्त तेथे खाली झिरपलेले निकेल सिलिकेटांमध्ये अडकले. या दोन्ही ठिकाणी ऑक्सिजनयुक्त पाणी असते. त्यात अवारुआइट टिकत नाही. म्हणून आपला नमुना ताज्या, न झिजलेल्या भागातला आहे ना, हे आधी तपासावे.