शब्दचर्चा: आदिवासी मुलांसाठीचा 'व्यसनप्रतिबंध' की आणखी काही?

रानवाट:
शिक्षकांच्या एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. विषय आहे ऑस्ट्रेलियातला 'स्ट्राँग अँड डेडली फ्यूचर्स' हा शालेय कार्यक्रम. सिडनी विद्यापीठाच्या मटिल्डा सेंटरने तो गिलिंबा या आदिवासींच्या कलासंस्थेसोबत आणि शाळांतल्या मुलांसोबत बसून तयार केला. बारा ते चौदा वयाच्या मुलांसाठी ऑनलाइन धडे आहेत. धडे चित्रकथेतून पुढे सरकतात आणि कथेतले प्रसंग मुलांनीच सांगितलेल्या गोष्टींमधून आले आहेत.

अडले आहे ते शब्दांपाशी. मूळ संशोधनातली शब्दावली आहे 'कल्चरली इन्क्लुसिव्ह सब्स्टन्स यूज प्रिव्हेन्शन फॉर इंडिजिनस यूथ'. 'आदिवासी युवकांसाठी सांस्कृतिकदृष्ट्या सर्वसमावेशक अंमली पदार्थ गैरवापर प्रतिबंध' असं लिहिलं तर शासन निर्णयाचा मथळा होतो. तो वाचून कुठला शिक्षक पान उलटणार नाही? शिवाय 'डेडली'चं काय करायचं? कच्च्या मसुद्यात कुणीतरी 'घातक भविष्य' असं करून ठेवलंय.

दक्षिणायन:
'घातक' आधी काढून टाका. मी बरीच वर्षं सिडनीत आहे. इथल्या आदिवासींच्या इंग्रजीत 'डेडली' म्हणजे एकदम भारी. आपण 'काय खतरनाक गातो रे!' म्हणतो, तसंच. त्यांच्या कलाकारांना आणि खेळाडूंना १९९५ ते २०१३ पर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या पुरस्कारांचं नावच 'डेडलीज' होतं. म्हणजे मुलांच्या रोजच्या तोंडातला शब्द थेट कार्यक्रमाच्या नावात बसलाय. नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा.

अक्षरवेळ:
सहमत. कोल्हापूरचा शिक्षक असता तर 'नाद खुळा' म्हणाला असता. पण नावाचं भाषांतर नकोच.

आता 'इंडिजिनस'. 'आदिवासी' हाच शब्द ठेवा. 'मूलनिवासी' महाराष्ट्रात बहुजन चळवळीने बऱ्याच व्यापक अर्थाने रुळवला आहे, त्यामुळे इथे वाचकाची गल्लत होईल. 'देशज' व्याकरणाच्या पुस्तकात शोभतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये इंडिजिनस लोकांसाठी ९ ऑगस्ट हा दिवस ठरवला. तो नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत 'जागतिक आदिवासी दिन' म्हणूनच साजरा होतो. ज्यांचा दिवस आहे त्यांनीच शब्द निवडलाय, मग आपण नवा कशाला घडवायचा?

फक्त पहिल्या उल्लेखात ऑस्ट्रेलियापुरतं 'अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतले बेटवासी' असं पूर्ण लिहा. हे दोन वेगळे समाज आहेत आणि त्यांच्या आत शेकडो भाषा, कुळं आहेत. अमेरिकेचा उल्लेख आला तर 'रेड इंडियन' चुकूनही नको.

पळस:
गडचिरोली जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिकवतो. माझी हरकत 'व्यसन' या शब्दाला आहे. थोडं सविस्तर लिहितो.

सहावीतल्या मुलाने मित्राकडून एकदा खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) घेतला. ते व्यसन आहे का? व्यसन म्हणजे जडलेलं, सुटत नाही असं काहीतरी. पण आपण भिंतीवर 'व्यसनमुक्ती' लिहितो, भाषणात 'व्यसनाधीन पिढी' म्हणतो आणि समोर बसलेल्या साठ पोरांपैकी निम्म्यांनी अजून कशाला हातही लावलेला नसतो. 'मुक्ती' अडकलेल्याला हवी असते. जे अडकलेच नाहीत त्यांना मुक्त कशातून करणार? मूळ शब्द 'यूज' आहे, 'अब्यूज' नाही, 'अ‍ॅडिक्शन' तर नाहीच. संशोधकांनी तो विचार करून निवडला असणार.

आणि एक. आमच्या वर्गात गोंड, माडिया मुलं असतात, गावातली इतरही असतात. 'आदिवासी मुलांमधील व्यसन' असा मथळा फळ्यावर लिहिला की इतर मुलं माना वळवून कुणाकडे पाहतात, ते मी पाहिलंय. शब्द लिहितानाच वर्ग दोन भागांत तुटतो.

दक्षिणायन:
पळस सर, नेमकं हेच टाळण्यासाठी या कार्यक्रमात 'इन्क्लुसिव्ह' हा शब्द आहे. धडे फक्त आदिवासी मुलांना बाजूला बसवून दिले जात नाहीत. आदिवासी आणि बिगरआदिवासी, अख्खा वर्ग एकत्र शिकतो. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत आदिवासींचं प्रमाण ३.२ टक्के होतं, म्हणजे कितीतरी वर्गांत ही मुलं थोडीच असतात. त्यांना वेगळं काढून दारूवर शिकवलं तर 'ही तुमच्याकडची भानगड' असाच संदेश जातो.

तो संदेश खोटाही आहे. दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचं प्रमाण इथल्या आदिवासींमध्ये बिगरआदिवासींपेक्षा जास्त आहे. जे पितात त्यांच्यात धोकादायक प्रमाणात पिणारे जास्त, हे खरं. पण 'आदिवासी म्हणजे पिणारे' हे समीकरण आकड्यांवर टिकत नाही. रानवाट, लेखात हे जरूर लिहा. मराठी वाचकाच्या मनातही तेच समीकरण बसलेलं आहे.

रानवाट:
म्हणजे 'इन्क्लुसिव्ह'चा अर्थ मी निम्माच धरला होता. मला वाटलं होतं की संस्कृतीला धड्यात जागा देणं, एवढंच.

अक्षरवेळ:
दोन्ही आहे. या क्षेत्रात तीन शब्द शेजारी-शेजारी वावरतात आणि मराठीत तिन्हींचं 'सांस्कृतिकदृष्ट्या अनुरूप' असं एकच पीठ होतं. ते वेगळे ठेवायला हवेत.

पहिला 'अडॅप्टेड'. दुसरीकडचा तयार कार्यक्रम घ्यायचा आणि इथल्या मुलांसाठी बदलायचा. मराठीत 'रूपांतरित' चालेल. अमेरिकेत 'कीपिन इट रिअल' नावाचा गाजलेला कार्यक्रम आहे. त्याचा गाभा चार मार्गांचा: नकार द्या, कारण सांगा, प्रसंग टाळा, निघून जा. अ‍ॅरिझोनात इतर मुलांना त्याचा उपयोग झाला, पण शहरातल्या नेटिव्ह अमेरिकन, म्हणजे तिथल्या आदिवासी, मुलांमध्ये तो फायदा दिसला नाही. मग अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी फिनिक्समधल्या आदिवासी समाजासोबत बसून तो नव्याने बांधला. नाव ठेवलं 'लिव्हिंग इन टू वर्ल्ड्स'.

दुसरा 'ग्राउंडेड'. इथे बाहेरचा सांगाडाच नसतो, सुरुवातच मुलांच्या जगातून होते. हवाईतल्या ग्रामीण शाळांसाठी स्कॉट ओकामोटो आणि सहकाऱ्यांनी केलेला 'हो-ओउना पोनो' हे याचं चांगलं उदाहरण. तिथे लक्षात आलं की मुलांच्या हातात दारू किंवा गांजा देणारा बहुतेक वेळा परका नसतोच. चुलत-मावस भाऊ असतो, घरातलाच कुणीतरी असतो. परक्याला 'नको' म्हणून निघून जाता येतं. मोठ्या भावाला नाही म्हणून कुठे जाणार? संध्याकाळी जेवायला त्याच घरी बसायचंय. म्हणून तिथले व्हिडिओ याच प्रसंगांवर बेतले आहेत: नातं न तोडता नाही कसं म्हणायचं. याला मी 'मातीतून उभा केलेला' म्हणेन. 'अधिष्ठित' नको.

आणि तिसरा तुमचा 'इन्क्लुसिव्ह'.

पळस:
भावाचं वाचून थांबलो. आमच्याकडे अगदी हेच. पानठेल्यावर प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा मिळतो. एक पुडी चौघांत फिरते. पुडी पुढे करणारा मामाचा पोरगा असतो. 'नाही म्हणायला शिका' हा धडा आम्ही वर्षानुवर्षं घेतो, पण त्यात समोरचा नेहमी कोपऱ्यावरचा 'वाईट मित्र' असतो. मामाचा पोरगा कुठल्याच पुस्तकात नाही.

रानवाट:
पळस सर, हा परिच्छेद तुमच्या परवानगीने लेखात घेऊ का? नाव-गाव न देता.

पळस:
घ्या.

अक्षरवेळ:
'इन्क्लुसिव्ह'साठी 'सर्वसमावेशक' मला पटत नाही. 'सामावून घेणं' यात घर आपलं आणि समोरचा पाहुणा, असा भाव येतो. इथे तर आदिवासी संस्था आणि मुलं कार्यक्रम घडवणाऱ्यांत आहेत. साधं वाक्य करा: 'सगळ्या वर्गासाठी, आदिवासी संस्कृतीच्या जमेच्या बाजूंवर उभा असलेला'. 'स्ट्रेंथ्स-बेस्ड' या त्यांच्या दुसऱ्या लाडक्या शब्दासाठीही 'जमेच्या बाजू' हा आपला हिशेबाच्या वहीतला शब्द फार नेमका बसतो. नातीगोती, थोरांचा आधार, भूमीशी असलेला संबंध, स्वतःच्या ओळखीचा अभिमान या त्या जमेच्या बाजू. 'संरक्षक घटक' लिहाल तर औषधाच्या खोक्यावरची ओळ वाटेल.

दक्षिणायन:
'जमेच्या बाजू' उत्तम. 'जनजागृती', 'प्रबोधन', 'सुधारणा' हे शब्द मात्र लेखातून गाळा. इथे १९१० च्या सुमारापासून १९७० पर्यंत आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये आणि मिशनऱ्यांकडे ठेवलं, तेही 'त्यांच्या भल्यासाठी' म्हणून. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. त्या पिढीची नातवंडं आज शाळेत आहेत. 'आम्ही तुम्हाला सुधारायला आलो' असा जराही वास आला तर आजी-आजोबा तिथेच दार लावतील, आणि ते त्यांचं बरोबर आहे.

वाचक१४:
पण हे सगळं केल्याने फरक पडतो का? की फक्त शब्दांची काळजी?

अक्षरवेळ:
पडतो, असं दाखवणारं काम आहे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच राज्यांतल्या २७ प्राथमिक शाळांमधली नेटिव्ह अमेरिकन मुलं होती. जीवनकौशल्यांचे धडे त्यांच्या संस्कृतीत बसवून दिले. साडेतीन वर्षांनी पाहिलं तेव्हा धडे घेतलेल्या मुलांमध्ये दारू, गांजा आणि तोंडात धरायची तंबाखू यांचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं. सिगारेटवर मात्र परिणाम दिसला नाही. ओक्लाहोमात चेरोकी या आदिवासी समाजातल्या मुलांसाठी जॉन लो यांनी शाळेत 'टॉकिंग सर्कल' घेतलं. गोल बसायचं, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्याचा पाया चेरोकींची स्वावलंबनाची कल्पना. तिथेही नेहमीच्या व्यसनविरोधी तासांपेक्षा चांगला परिणाम मिळाला. हात आखडता घेऊन लिहा, चमत्कार म्हणून मांडू नका. पण 'नुसते शब्द' असं म्हणता येणार नाही.

रानवाट:
आता 'प्रिव्हेन्शन' आणि 'सब्स्टन्स'. 'प्रतिबंध' चालेल ना?

पळस:
आमच्या जिल्ह्यात नाही चालणार. 'प्रतिबंधक लस' म्हणजे आजार होऊ नये म्हणून, आणि 'प्रतिबंधित गुटखा' म्हणजे बंदी घातलेला. एकाच शब्दाची दोन तोंडं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मुलाने 'प्रतिबंध' ऐकलं की त्याच्या डोळ्यासमोर धाड येते, मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली फुलं, ओतून देणारे लोक येतात. 'लागू नये म्हणून' असं क्रियापदातच सांगा.

'अंमली पदार्थ'ही नको. कायद्याच्या भाषेत त्यात तंबाखू नाही, दारू नाही. आमची तर लढाईच खर्ऱ्याशी. पोरं म्हणतील, 'सर, आम्ही कुठे अंमली घेतो?' वर मोहाची गोष्ट वेगळीच. लग्नात, मयतीत, देवाच्या कार्यात मोहाच्या दारूला स्थान आहे. आणि रोज संध्याकाळी विकत मिळते तीही मोहाचीच. दोन्हींना एकच 'नशा' म्हटलं की आजोबांचा विधी आणि गुत्ता एका ओळीत बसतात. मूल घरी जाऊन आजोबांना काय सांगेल?

दक्षिणायन:
उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी हा भेद तंबाखूबाबत केला आहे. विधीतली पारंपरिक तंबाखू वेगळी, दुकानात विकली जाणारी वेगळी. त्यांच्या शाळांच्या साहित्यात मुद्दाम 'बाजारू तंबाखू' या अर्थाचा शब्द वापरतात. 'विकतची दारू' आणि 'विधीतला मोह' असे दोन शब्द ठेवता येतील का?

पळस:
'विकतची' चालेल, पण मुलांना विधीतलीही द्यायची नाही, हे गावाने ठरवलेलं असलं तर तेही लिहावं लागेल. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने १९९६ पासून नशेच्या पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभेला देऊ केलाय. शब्दही ग्रामसभेत विचारून ठरवावा, असं माझं मत. गोंडीत, माडियात वेगळे शब्द असतील, ते मराठी मासिकात बसून ठरणार नाहीत.

रानवाट:
पहिलं वाक्य सध्या असं केलंय: 'दारू, तंबाखू, गांजा यांचं सेवन सुरूच होऊ नये म्हणून, अख्ख्या वर्गासाठी आणि आदिवासी संस्कृतीच्या जमेच्या बाजूंवर उभा असलेला, आदिवासी युवकांसोबत घडवलेला शालेय कार्यक्रम.' कसं वाटतंय?

अक्षरवेळ:
लांब आहे, पण बोलता येतं. 'सेवन' ठीक.

पळस:
'युवक' काढा. बारा वर्षांचं पोर युवक नसतं, आणि 'युवक' म्हटलं की डोळ्यासमोर मुलगेच येतात. आमच्याकडे मुलीही खर्रा खातात आणि तपासणीत, भाषणात, पोस्टरवर त्यांचा विचार कुणी करत नाही. 'मुला-मुलींसोबत' लिहा.