मदत हवी आहे: घटनादुरुस्तीला राज्यांची मंजुरी नक्की कधी लागते?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते, मुलगी अकरावीला आहे आणि तिला कॉलेजात 'एक देश एक निवडणूक'वर बोलायचंय, म्हणून रात्री जेवणं आटपली की आम्ही दोघी संविधानाची मराठी प्रत घेऊन बसतो, घटनादुरुस्ती कशी करायची ते सांगणाऱ्या कलम ३६८ चं पान पेन्सिलच्या खुणांनी पार काळं झालंय.

एवढं कळलं की लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठीचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं तेव्हा २६९ विरुद्ध १९८ मतं पडली, मांडायला साधं बहुमत चालतं, पण पास व्हायला एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, दोन्ही लागतं. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते पुढे. जीएसटीच्या वेळी २०१६ ला निम्म्या राज्यांची मंजुरी घेतली होती, मग विधानसभेच्या मुदतीचं कलम १७२ बदलताना ती नको असं का म्हणतात? राज्यांची मंजुरी कशाकशाला लागते त्याच्या ३६८ मधल्या यादीत १७२ नाहीये हे आम्हाला दिसतंय, पण मनाला पटत नाही हो, मुदत राज्याच्या विधानसभेची आणि राज्यालाच विचारायचं नाही?

कोणी वकील किंवा राज्यशास्त्र शिकवणारे असाल तर प्लीज सोप्या मराठीत समजावून सांगा, शनिवारी तिचं भाषण आहे.