कंट्रोलर उघडला म्हणून अख्खी वॉरंटी रद्द? मला हे मान्य नाही

होटगीरोडकर: भाच्याच्या गेम खेळायच्या कंट्रोलरला ड्रिफ्ट आला. अंगठ्याने फिरवायच्या स्टिकला हात न लावता गेममधला खेळाडू डावीकडे सरकतो. वॉरंटीचे चार महिने शिल्लक होते. पुण्याला सर्व्हिसला पाठवला तर "आधी उघडलेला आहे" एवढाच शेरा मारून परत आला. भाच्याने उघडून धूळ पुसली होती, खरं आहे. पण ड्रिफ्ट होता म्हणूनच उघडला ना? स्टिकच्या आत कार्बनचा थर असतो, त्यावर बारीक धातूची पट्टी सतत घासते. थर झिजला की चुकीचे सिग्नल जातात. यात स्क्रू काढण्याचा काय संबंध? उघडल्यामुळेच बिघडलं, हे कंपनीने दाखवावं. अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीच्या अटींवर बंधनं घालणारा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) असल्या अटींवरून सहा कंपन्यांना ताकीद दिली होती.

नवीपेठ रिपेअर: मालक, माझं दुरुस्तीचंच दुकान आहे, तरी इथं मी कंपनीच्या बाजूने आहे. स्टिकचे चौदा पाय बोर्डाला सोल्डर केलेले असतात. ग्राउंडच्या (बोर्डावरच्या मोठ्या तांब्याच्या भागाला जोडलेल्या) पायाची उष्णता बोर्डच ओढून घेतो. पोरं कथील नीट वितळायच्या आधीच स्टिक उपटतात, बोर्डावरचा ट्रॅक (तांब्याची बारीक वाट) सोबत निघून येतो. कुणी आतली रिबन (चपटी वायर) तोडून आणतं. आणि सगळ्यांचं एकच, "आधीपासून असंच होतं." कंपनीने कुणाकुणावर विश्वास ठेवायचा? वॉरंटीत आहे तोवर स्क्रूड्रायव्हर लावायचाच नाही.

अक्कलकोट रोड: वा! आमच्याकडे यंत्रमाग अडला की मिस्त्री तिथंच खोलतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू खोलायला परवानगी कशाला?

नवीपेठ रिपेअर: खोला की! फक्त मग फुकट दुरुस्ती मागू नका.

सात रस्ता (वकील): अमेरिकेचा कायदा इथं चालत नाही, आणि दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाहीच ऐकलं तर सोलापुरातच जिल्हा ग्राहक आयोगात जा, पुण्याला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथं दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तुमच्यासाठी हाच मुद्दा महत्त्वाचा. मात्र कार्डावर "उघडल्यास वॉरंटी रद्द" असं छापलं असेल तर कंपनी त्यावरच बोट ठेवणार. निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं मी सांगणार नाही.

होटगीरोडकर: छापलंय. तरीही लढणार. बिल आहे, आणि उघडण्याआधीचा ड्रिफ्टचा व्हिडिओ भाच्याच्या मोबाइलमध्ये तारखेसह आहे.

नवीपेठ रिपेअर: मग तुमची बाजू बरीच भक्कम आहे, हे मानतो. पण बाकीच्यांकडे असा व्हिडिओ नसतो, म्हणून माझं मत तेच. चुंबकावर चालणारी हॉल सेन्सरची स्टिक बसवून देतो, त्यात घासणारा भागच नाही. आणा दुकानात.

सात रस्ता (वकील): आत्ता अजिबात नको. तपासणी होईपर्यंत कंट्रोलर आहे तसाच ठेवा.