वडिलांच्या अहवालातील एलडीएच आणि बीसीआर-एबीएल: दोन्ही विकरेच, मग गोळी एकाच्याच विरुद्ध का?

सांगलीकर:
माझ्या वडिलांना (वय 58) दोन महिन्यांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल), म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग, असल्याचे निदान झाले आणि इमॅटिनिबची 400 मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू झाली. निदानाच्या वेळी बरेच वाढलेले एलडीएच आता उतरले आहे. तरीही तिसऱ्या महिन्याच्या शेवटी बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी करायला सांगितले आहे. दोन्ही विकरे, म्हणजे एन्झाइमच, आहेत असे वाचले. मग औषध एकावरच का, आणि एलडीएच खाली आलेले असताना ही महागडी तपासणी कशासाठी? एलडीएच उतरल्याचे ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

प्रयोगशाळेतून:
एलडीएच शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते आणि पेशी फुटली की रक्तात उतरते. त्यामुळे पेशींची मोडतोड वाढली आहे एवढेच ते सांगते. कोणत्या पेशींची, हे सांगत नाही. रक्त घेताना तांबड्या पेशी नळीतच फुटल्या तरी आकडा वर जातो. लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा) धोका ठरवताना किंवा वृषणाच्या काही कर्करोगांचा टप्पा ठरवताना एलडीएचचा आकडा आवर्जून धरला जातो, पण सीएमएलमध्ये उपचार त्यावर चालवता येत नाहीत.

बीसीआर-एबीएलची गोष्ट निराळी आहे. 1960 मध्ये फिलाडेल्फियात सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले, आणि 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की 9 व 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे ते तसे होते. या अदलाबदलीत एबीएल नावाचे टायरोसिन कायनेज (प्रथिनांना फॉस्फेट लावणारे विकर) बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाला जोडले जाते, त्याच्यावरचा नैसर्गिक लगाम सुटतो आणि ते एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेट घेऊन इतर प्रथिनांना लावत राहते, ज्यामुळे पेशींना वाढण्याचा आदेश सतत मिळत राहतो. इमॅटिनिब नेमके एटीपीच्या जागी जाऊन बसते. आजार ज्याच्यामुळे चालतो तेच विकर येथे हाती लागले आहे. एलडीएच दाबून असे काहीच साधणार नाही.

एक बारकावा सांगतो: पीसीआर हे विकर मोजत नाही, ते बनवण्याचा आरएनए संदेश मोजते, आणि म्हणूनच फार थोड्या उरलेल्या पेशीही तिला दिसतात. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर तिसऱ्या महिन्यात आकडा 10 टक्के किंवा त्याखाली असावा अशी अपेक्षा असते, आणि पुढे 0.1 टक्के किंवा त्याखाली येणे हा मोठा टप्पा मानतात.

अकरा वर्षांपासून रुग्ण:
तपासणी टाळू नका, हे कळकळीने सांगतो. तिसऱ्या वर्षी बरे वाटत होते म्हणून माझ्या गोळ्या अधूनमधून चुकू लागल्या. रक्तपेशींची मोजणी आणि एलडीएच दोन्ही ठीक असताना बीसीआर-एबीएल मात्र 0.1 टक्क्याच्या वर चढले होते. इमॅटिनिबला जागाच मिळू न देणारा टी315आय हा जनुकातील बदल झाला आहे का, हेही तपासले गेले. सुदैवाने तो नव्हता, आणि गोळी नियमित झाल्यावर आकडा पुन्हा उतरला. गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यायला लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 एप्रिल 2013 च्या निकालाने या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारले, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. आमच्यासारख्या घरांना त्याचे मोल ठाऊक आहे.

सांगलीकर:
दोघांचे मनापासून आभार. तपासणी स्वस्त पडते म्हणून दर वेळी वेगळ्या प्रयोगशाळेत केली तर चालेल का?

प्रयोगशाळेतून:
शक्यतो नको. अहवाल आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर देणारी एकच प्रयोगशाळा धरून ठेवा, म्हणजे आकड्यातील फरक आजाराचा आहे की पद्धतीचा, अशी शंका उरणार नाही. एलडीएच उतरले हे चांगलेच आहे, आईंना तसे जरूर सांगा. मात्र तिसऱ्या महिन्याची तारीख आत्ताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.