फेराइटमधील मॅग्नॉनमध्ये क्वांटम माहिती साठवता येईल का?

प्रश्न (एम.एस्सी. द्वितीय वर्ष, नांदेड)
प्रबंधासाठी मी सोल-जेल पद्धतीने निकेल-झिंक फेराइट या लोहयुक्त चुंबकीय ऑक्साइडचे चूर्ण तयार केले असून एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आणि व्हीएसएमची (चुंबकनाची) मापने पूर्ण झाली आहेत. मॅग्नॉन, म्हणजे स्पिन-तरंगांचा (पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म चुंबकांतून पसरणाऱ्या लहरींचा) पुंज किंवा सर्वांत लहान हिस्सा, अतिवाहक क्यूबिटशी (क्वांटम संगणकातील माहितीच्या एककाशी) जोडून त्यात माहिती साठवता येते, असे वाचनात आले. तसे असल्यास शेवटच्या प्रकरणात ‘क्वांटम मेमरीसाठी उपयुक्त पदार्थ’ असे लिहिणे योग्य ठरेल का? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई)
लिहू नये. आपल्याकडील प्रबंधांत शेवटच्या प्रकरणात उपयोगांची यादी जोडण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा हा नवा अवतार होईल. टोकियो विद्यापीठातील नाकामुरा यांच्या गटाने २०१५ मध्ये मॅग्नॉन आणि क्यूबिट यांची सुसंगत (क्वांटम ताल न बिघडणारी) जोडणी दाखवली, ती यिट्रियम आयर्न गार्नेट या चुंबकीय पदार्थाच्या एकस्फटिकी गोलकात. त्याचा व्यास होता अवघा अर्धा मिलिमीटर. अशा गोलकातील अनुस्पंदनाची (ठरावीक वारंवारतेला मिळणाऱ्या जोरदार प्रतिसादाची) रेषारुंदी, म्हणजे त्या वारंवारतेचा पसारा, सुमारे १ मेगाहर्ट्झ असते. तुमच्या चूर्णात प्रत्येक कणाचा स्फटिक-अक्ष निराळ्या दिशेला आहे, त्यामुळे प्रत्येकाची अनुस्पंदन-वारंवारताही निराळी आहे. रुंदी १०० ओरस्टेड (चुंबकीय क्षेत्राचे एकक) निघाली, तरी ती २८० मेगाहर्ट्झ होते आणि सुसंगती सुमारे अर्ध्या नॅनोसेकंदात विस्कटते. लेझीमच्या पथकात प्रत्येकाने आपापला ताल धरल्यासारखेच ते.

उत्तर (संशोधक, मूळ गाव परभणी)
सरांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे. परंतु मूळ प्रश्नातील ‘साठवणे’ हा शब्दच तपासून पाहावा, असे वाटते. उत्तम गार्नेटमध्येही १ मेगाहर्ट्झ रुंदी म्हणजे मॅग्नॉनचे आयुष्य साधारण १६० नॅनोसेकंद, आणि आजचे चांगले अतिवाहक क्यूबिट स्वतःच त्याच्या शेकडो पटींनी अधिक काळ टिकतात. ज्या भांड्यातून काढायचे त्यापेक्षा गळक्या भांड्यात कोणी पाणी ओतत नाही. येल विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये एकाच कॅव्हिटीत (सूक्ष्मतरंग कोंडणाऱ्या पेटीत) अनेक गोलक ठेवून प्रत्येकावरील चुंबकीय क्षेत्र किंचित निराळे केले आणि संकेत कॅव्हिटीला न दिसणाऱ्या ‘अंधाऱ्या’ अवस्थांमध्ये वळवून पुन्हा बाहेर काढला. ही युक्ती सुंदर आहे. तिच्यामुळे कॅव्हिटीतून होणारी गळती टळते, पण गोलकाची स्वतःची गळती थांबत नाही.

मग मॅग्नॉन कशासाठी? जोडणीसाठी. एका स्पिनची सूक्ष्मतरंगांशी जोडणी अगदी क्षीण असते. असंख्य स्पिन एका तालात आले की ती त्यांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे स्पिन शंभरपट तर जोडणी दहापट. जायकवाडीच्या भाषेत सांगायचे तर मॅग्नॉन हा कालवा आहे. नाथसागराचे, म्हणजे साठवणुकीचे, काम हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्तिका केंद्रे (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा) किंवा स्फटिकातील दुर्मिळ मृदा आयनांची केंद्रके करू शकतात. अशा आयनांपैकी युरोपियमच्या केंद्रकीय स्पिनची सुसंगती काही तास टिकल्याचे २०१५ मध्येच मोजले गेले आहे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. मॅग्नॉनची वारंवारता ८ गिगाहर्ट्झ होण्यासाठी जवळजवळ ०.३ टेस्ला क्षेत्र लागते, तर ॲल्युमिनियमची अतिवाहकता सुमारे ०.०१ टेस्लालाच नष्ट होते. मग क्यूबिट आणि गोलक एकत्र कसे नांदतात?

उत्तर (संशोधक, मूळ गाव परभणी)
क्षेत्र केवळ गोलकापुरते मर्यादित ठेवतात. क्यूबिट त्याच कॅव्हिटीच्या दुसऱ्या भागात असतो आणि दोघांमधला संवाद कॅव्हिटीतील सूक्ष्मतरंगांमार्फत होतो. हे सारे १० मिलिकेल्विनच्या आसपास चालते. ८ गिगाहर्ट्झच्या एका पुंजाची ऊर्जा सुमारे ०.४ केल्विनइतकी असल्यामुळे तेथे उष्णतेने निर्माण झालेले मॅग्नॉन जवळपास नसतातच.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई)
शंका योग्य विचारली. आता चूर्णाची गोळी दाबून व भाजून घ्या आणि जेथे सोय असेल तेथे तिचे फेरोचुंबकीय अनुस्पंदन मोजा. रेषारुंदी भाजण्याच्या तापमानानुसार आणि सच्छिद्रतेनुसार कशी बदलते, याचा आलेख काढा. शेवटचे प्रकरण त्यावरच लिहावे.